लक्ष्मी रस्त्यावरचा बांध

पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेल्या कार्तिकात आम्ही पुण्याला गेलो. बरोबर थोरल्या वहिनी. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. लक्ष्मी रस्ता म्हणजे साड्यांची आणि सोन्याची पेठ. गर्दी काय सांगावी!

पदपथावर दुकानांपुढे घडीच्या पाट्या मांडलेल्या. एकीचा पाय वहिनींना दिसला नाही. अडखळून त्या गुडघ्यावर आपटल्या. दुकानदार भला माणूस. खुर्ची दिली, पाणी दिले. मी म्हटले, "पाटी जरा आत घ्या की." तो म्हणाला, "साहेब, शेजाऱ्याची पुढे आली म्हणून माझी आली. मी एकट्याने मागे घेतली तर दिसणार कशी?"

वहिनी गुडघा चोळत म्हणाल्या, "भाऊजी, हे तर बांध कोरणंच झालं!"

अगदी खरे. दर नांगरटीला वीतभर! पदपथावर चालायला १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, वाट मोकळी हवी, असे इंडियन रोड्स काँग्रेस सांगते. २०२१ साली ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून महापालिकेने याच रस्त्यावर वाहने बंद ठेवली होती. पण एका दिवसाने काय होणार?

बांधाचा तंटा मिटतो तो दोन्हीकडच्यांनी मिळून खुणेचा दगड रोवल्यावर. पेठेतही तेच करावे. साऱ्यांनी मिळून एक रेघ आखावी, पाट्या एकाच दिवशी मागे घ्याव्यात, भिंतीवर उंच लावाव्यात. मग कोणाचेच गिऱ्हाईक तुटणार नाही.

आपल्या तालुक्याच्या पेठेतही बी-बियाण्यांच्या दुकानांपुढे अशा पाट्या असतात. पुढच्या बाजारी गेलात, तर दुकानदारांपाशी एवढा विषय जरूर काढा.