डासाला पासपोर्ट कळत नाही

ऑफिसातल्या परदेशी पाहुण्याला वाघ बघायचाय? मग ताडोबा आलंच! नागपूरला उतरायचं, तिथून चंद्रपूर साधारण १५० किलोमीटर. बुकिंग करताना जे ओळखपत्र द्याल तेच गेटवर दाखवावं लागतं, तेव्हा पाहुण्याचा पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून निघू नका. कोअर झोन मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असतो. वाघासाठी सगळे एप्रिल-मे गाठतात, पण तेव्हा चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि जिप्सी उघडी असते. टोपी, सुती फुल शर्ट, ओआरएसची पाकिटं हवीतच. कोल्ड्रिंकवर भागत नाही.

इथवर सोपं आहे. बरेच जण ताडोबाला जोडून आलापल्लीमार्गे हेमलकसा-भामरागड करतात, आणि तिथे गाठ पडते हिवतापाशी. १९८२ पर्यंत गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यातच होता. हिवतापाच्या बाबतीत तो वर्षानुवर्षं राज्यात पुढे आहे, आणि तोही बराचसा फॅल्सिपेरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा. पाहुणा फ्रँकफर्टचा असो की कोथरूडचा, डासाला काय त्याचं!

गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की ताप लगेच येत नाही. आठवडाभराने, कधी महिन्याने येतो. तोवर पाहुणा घरी पोचलेला असतो आणि तिथला डॉक्टर फ्लू समजतो. आपल्याकडचा 'व्हायरल आहे' म्हणतो. म्हणून डॉक्टरसमोर पहिलं वाक्य हेच: 'मी गडचिरोलीच्या जंगलात होतो.' रक्ततपासणी त्याच दिवशी. पाहुण्याच्या पाकिटात ठिकाण आणि तारखा लिहिलेली चिठ्ठीच ठेवा ना! प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी डॉक्टरांना विचारून सुरू करायच्या आणि परतल्यावरही घ्यायच्या. डॉक्सिसायक्लिन असेल तर चांगले चार आठवडे. लोक नेमके इथेच कंटाळतात. हे डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात, तेव्हा फुल बाह्या आणि मच्छरदाणी. रात्री बाहेर पडताना बूट झटकून घाला, टॉर्च घ्या. साप चावलाच तर बांधाबांधी, कापाकापी नको, थेट सरकारी दवाखाना. रेंज भरवशाची नाही, म्हणून जवळचा दवाखाना कुठे ते पोचल्या पोचल्या विचारून ठेवा.

एक लक्षात ठेवा, इथे परके आपण आहोत. १९७३ मध्ये सुरू झालेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया भाषा शिकावी लागली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या शोधग्राममध्ये तर दवाखानाच आदिवासी वस्तीसारखा बांधला, कारण मोठ्या इमारतीची लोकांना भीती वाटायची. नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. तेव्हा आधी कळवून जा, आणि पेशंटचे फोटो? नकोच.

आणि तिथे असतानाच ताप आला, तर 'नागपूरला जाऊन बघू' असं म्हणत बसू नका. हिवताप ओळखण्यात तिथल्या डॉक्टरांचा हात शहरातल्यांपेक्षा जास्त बसलेला आहे. गावातल्या आशाताईंकडेही तपासणीचं किट असतं. बोटाला टोचलं, की पंधरा-वीस मिनिटांत निकाल.