उन्हाचे डोहाळे

गर्भारणीला डोहाळे लागतात हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण घरात पहिले नातवंड येणार म्हटले की सासूलाही डोहाळे लागतात, हे मला यंदा कळले. कुणाला चिंचा-आवळ्यांचे लागतात, कुणाला भाजक्या मातीचे. मला लागले उन्हाचे!

त्याचे असे झाले. सूनबाईला पाचवा महिना लागला आणि तिच्या रक्ततपासणीचा कागद घरी आला. त्यात ‘ड’ जीवनसत्त्वाचा आकडा होता ११. निदान २० तरी हवा, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमच्या ह्यांनी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला आणि म्हणाले, “ज्या देशात ऊन फुकट मिळते, तिथे ही टंचाई कशी?”

प्रश्न रास्त होता. पण ऊन देशात असणे निराळे आणि अंगावर पडणे निराळे. सूनबाई सकाळी आठला कचेरीची गाडी गाठते ती दिवेलागणीला परतते. सुट्टीच्या दिवशी खिडकीपाशी बसते खरी, पण ज्या किरणांनी कातडीत ‘ड’ तयार होते, ते काचेतून जवळजवळ येतच नाहीत. त्यातून आपला वर्ण सावळा, म्हणजे ऊन अधिक वेळ हवे. कोवळ्या उन्हाचे आपल्याला मोठे कौतुक. पण त्यात हे किरण अगदी थोडे. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते ती वेळ कामाची, आणि नेमके तेव्हाच आपण पडदे ओढून घेतो.

ही काही आजचीच गोष्ट नव्हे. हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी १९२२ साली नाशिककडच्या मुडदुसाची पाहणी प्रसिद्ध केली. हाडे मऊ पडण्याचा हा रोग त्यांना आढळला तो पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत, उन्हात वाढणाऱ्या गरिबांच्या मुलांत नव्हे! २००५ साली लखनौच्या पाहणीत शंभरातल्या सुमारे ८४ गर्भवतींच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी भरले. आणि त्यात शहर-खेडे असा फरक जवळजवळ नव्हता.

पण माझा जीव धास्तावला तो निराळ्याच कारणाने. सूनबाईला लहानपणापासून दमा. धुळीचा कण नाकात गेला की आधी शिंकांची माळ, मग धाप. शेजारच्या काकूंनी तिला सल्ला दिला, “‘ड’ची पुडी रोज घे गं, म्हणजे बाळाला दमा व्हायचा नाही. आणि तो पंप मात्र बंद कर, बाळाला बाधतो.” चारच दिवसांनी मध्यरात्री तिच्या खोलीतून शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. जाऊन पाहते तो पोर उशीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले, आणि पंप कपाटात कुलूपबंद! “आई, बाळाला काही होऊ नये म्हणून,” ती म्हणाली. मी पंप तिच्या हाती दिला आणि श्वास लागी लागेपर्यंत तिची पाठ चोळत बसले.

सकाळी आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे. त्या म्हणाल्या, “आईलाच श्वास पुरेना, तर बाळाला प्राणवायू कुठून मिळणार? पंपापेक्षा न आवरलेला दमा कितीतरी घातक. आणि पुडी ६०,००० युनिटांची आहे, ती आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर बेतेल.”

“पण तिने बाळाचा दमा टळतो का?” मी विचारले.

त्यांनी मला समोर बसवून समजावले. अमेरिकेत काही गर्भवतींना रोज ४,४०० युनिटे दिली, काहींना ४००. मुले तीन वर्षांची झाली तेव्हा पहिल्या गटातल्या शंभरांपैकी २४ जणांना दमा किंवा वारंवार घरघर होती, दुसऱ्यात ३० जणांना. फरक दिसला, पण निव्वळ योगायोग नव्हे असे छातीठोकपणे सांगण्याजोगा नव्हता. २०२० साली सहा वर्षांच्या मुलांचा निकाल आला, त्यात तोही उरला नाही. इंग्लंडमध्ये रोज १,००० युनिटे घेणाऱ्या आयांच्या बाळांना पहिल्या वर्षी इसब कमी झाला. पुढे तो फरकही पुसला गेला. म्हणजे ‘ड’ हवे ते आईच्या आणि बाळाच्या हाडांसाठी. ॲलर्जीवरचा ताईत म्हणून ते गळ्यात बांधता येत नाही.

ऐकून मी थोडी हिरमुसले. आजीला हमी हवी असते, आणि शास्त्र ती द्यायला तयार नसते. पण रस्त्याने परतताना सूनबाई मोकळा श्वास घेत माझ्यापुढे दोन पावले चालत होती. म्हटले, आज एवढे पुरे.

यंदा दिवाळीची जळमटे सूनबाईला माहेरी पाठवून, ओल्या फडक्याने, आमच्या ह्यांनी काढली. शिंका त्यांनाच आल्या. सतरा मोजल्या मी!