हजार तास म्हणजे किती पावसाळे?

हरसूलचा माझा मामा सुतार आहे. त्याला मी कौतुकानं सांगितलं की आमचा कोट लॅबमध्ये हजार तास टिकला. मामा म्हणाला, "तास नको सांगू रं. पावसाळे सांग."

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत कोटिंगच्या लॅबमध्ये आहे. आमचा कोट यूव्ही दिव्याखालून गेला की क्षणात कडक होतो, वाळायची वाट बघावी लागत नाही. घरातल्या फर्निचरवर तो उत्तम चालतो. दारावर, उन्हात लावला की भांडण सुरू. ज्या किरणांनी रेणू जोडले, त्यांचेच भाऊबंद उन्हातून रोज येऊन ते तोडतात. आधी चमक जाते, मग पिवळेपणा, मग भेगा. किरण शोषणारं द्रव्य मिसळावं, तर ते दिव्याचाही उजेड गिळतं आणि कोट तळाशी कच्चा राहतो! मग ४०० नॅनोमीटरच्या आसपास, जवळजवळ जांभळ्या उजेडात काम करणारं रसायन वापरायचं. शोषक तिथे ढिला पडतो. या धंद्यातली ही माझी सगळ्यात लाडकी अडचण.

लॅबमधल्या पेटीचं एक नेहमीचं चक्र असं: ८ तास ६० अंशांवर यूव्ही, मग ४ तास ५० अंशांवर दव. त्यातून कुठला कोट जास्त तग धरेल याचा अंदाज येतो. पण त्या तासांची वर्षं करणारं एकच गणित नाही. म्हणून जगभरचे रंगवाले नमुने दमट फ्लोरिडात आणि कोरड्या ॲरिझोनात उघड्यावर ठेवतात. हरसूलला एप्रिलचं कोरडं ऊन आणि जुलैची झड एकाच दाराला सोसावी लागते.

मामाच्या पत्र्यावर मी दक्षिणेकडे तोंड करून, ४५ अंशांत फळ्या लावल्या. जोडीच्या फळ्या कपाटात, अंधारात ठेवल्या, तुलनेला. पहिल्या पावसाळ्यानंतर पत्र्याच्या नमुन्यांची चमक जवळपास तशीच होती. सागाच्या फळ्यांचा कोट मात्र आडव्या कापलेल्या टोकांशी उचललेला. मामानं नखानं पापुद्रा काढला. "उन्हाचं काय घेऊन बसलास? लाकूड इथून पाणी पितं. ते फुगतं, तुझा रंग फुगत नाही."

पेटीत आम्ही लोखंडी पट्ट्याच ठेवत होतो. आता साग ठेवतो. फळ्यांची टोकं मामा आधीच बंद करून देतो. दुसरा पावसाळा आत्ताच लागलाय.