अठ्ठावन्न गुण

लीड्स, 28 नोव्हेंबर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा रडवेला आवाज ऐकला, तेव्हापासून जिवाला चैन नाही. पुण्यात कायम पहिल्या पाचांत असणाऱ्या मुलीला पहिल्याच निबंधाला 58 मिळाले, तर वाईट वाटणारच. पण इथले मार्क तिकडच्या हिशेबाने मोजू नकोस. मास्टर्सला 50 वर पास, 60 ला मेरिट, 70 ला डिस्टिंक्शन; 80 क्वचितच कुणाला पडतात. नोव्हेंबरात 58 वर असलेली आणि शेवटी डिस्टिंक्शन घेऊन गेलेली मुलं मी स्वतः शिकवली आहेत.

तुझा निबंध वाचला. वाचन भरपूर केलं आहेस, पण प्रत्येक परिच्छेदात दुसरंच कुणी बोलतं. अमका असं म्हणतो, तमका तसं म्हणतो. मग तुला काय वाटतं? दोन अभ्यासकांचं जुळत नसेल, तर तुला कुणाचं पटतं आणि का, हे इथे बघतात. शेऱ्यांत तेच लिहिलंय. मोठ्यांचं म्हणणं खोडायला तुझी लेखणी अडली, हे मला कळतं. पण पुराव्यानिशी खोडलंस तर त्यात उद्धटपणा नाही गं.

बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दिलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंधही परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला होता. मुंबईला आल्यावर त्यांनी तो नव्याने मांडून पाठवला, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली.

तास थोडे आहेत म्हणून वेळ मोकळा आहे असं समजू नकोस. 15 क्रेडिटचा विषय म्हणजे 150 तासांचं काम. त्यातले वीसेक वर्गात जातात, बाकीचे लायब्ररीत तुझे तूच घालायचे. व्हिसावर सत्रात आठवड्याला 20 तास नोकरी चालते, पण ते सगळे कॅफेत घालवू नकोस. पैसे कमी पडले तर मला सांग, ताईला कळवू नकोस.

आणि याच आठवड्यात सरांच्या ऑफिस अवर्सना जा. ती वेळ तुम्हा मुलांसाठीच ठेवलेली असते, आणि आपलीच मुलं संकोचाने दाराशी फिरकत नाहीत. निबंध बरोबर ने. माझा मुद्दा कुठे कच्चा राहिला, एवढंच विचार. आल्यावर मला फोन कर.

तुझी,
मावशी