काढून मिळण्याची खात्री

तांबी, म्हणजे कॉपर-टी, कुणी बसवली हे आमच्या ढाणकी गावात सहसा कुणाला कळत नाही. कुणी काढली, हे मात्र गल्लीभर होतं. जिला काही त्रास नाही ती त्याबद्दल बोलणार तरी काय? तिची तांबी वर्षानुवर्षं आपलं काम करत राहते आणि तिची गोष्ट कुणी सांगत नाही. जिच्या अंगावरून फार गेलं, जिचं ओटीपोट दुखलं, जिला भरल्या कामाच्या दिवसांत मजुरी बुडवून तालुक्याचं उमरखेड गाठावं लागलं, तिची गोष्ट बचत गटाच्या बैठकीत पोचते, हळदीकुंकवात पोचते, कापूस वेचताना एका तासावरून दुसऱ्या तासावर जाते. गावाच्या आठवणीत राहते ती काढलेली तांबी. नव्या सुनेला सल्ला मिळतो तो याच आठवणीतून.

बाया तांबी का काढतात, इंजेक्शन अर्ध्यावर का सोडतात, या प्रश्नाला 'अडाणीपणा' हे उत्तर फार लवकर दिलं जातं. मी या बायांमध्येच वाढले. त्यांच्यासोबत निंदायला गेले, लग्नाच्या मांडवात आणि बाळंतिणीच्या खाटेजवळ त्यांचं बोलणं ऐकलं. प्रत्येकीजवळ कारण असतं आणि ते तिच्या जगण्यात पक्कं रुजलेलं असतं.

सगळ्यात मोठं कारण रक्त. तांबीतल्या तांब्यामुळे पुरुषबीज निकामी होतं आणि गर्भ राहत नाही. पण त्याच तांबीने पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाऊ शकते, पोटात कळा येऊ शकतात. बहुतेकींचा हा त्रास पुढे कमी होतो. कागदावर हे एका ओळीत संपतं. पण महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, दिसलं. अशा बाईला सहा महिने थांबा म्हणायचं, तर तिला रक्तवाढीच्या गोळ्या, तपासणी आणि धीर, हे सगळं सोबत द्यावं लागतं. ती दिवसभर पऱ्हाटीत उभी असते. आडोसा नसतो, पाणी नसतं, घडी बदलायला जागा नसते. घरी अजून विटाळ पाळत असतील तर चार दिवसांची पाळी आठ दिवसांवर गेली, की चुलीपासून, देवापासून, कधी अंथरुणापासून दूर राहण्याचे दिवसही दुप्पट होतात. सासू कुरकुरते, नवरा तोंड फिरवतो. डॉक्टरच्या लेखी किरकोळ असलेला त्रास तिच्या घरात सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो.

अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचं उलटं आहे. २०१७ पासून हे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागलं. दर तीन महिन्यांनी एक घ्यायचं. त्याने पाळी कधी अवेळी येते, पुढे पुढे अनेकींची थांबतेच. वैद्यकीयदृष्ट्या यात घाबरण्यासारखं काही नाही. त्या औषधामुळे गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं, त्यामुळे बाहेर जायला काही उरत नाही. पण आमच्याकडे पाळी म्हणजे अंगातली घाण बाहेर पडणं, ही समजूत आजीपणजीपासून चालत आलेली. पाळी थांबली, की दोन भीती एकदम उभ्या राहतात. घाण रक्त साचत असेल, ही एक. दिवस तर गेले नाहीत, ही दुसरी. एक ओळखीची बाई मला म्हणाली होती, "बाई, येत नाही तवा झोप लागत नाही, अन् लई येते तवाही लागत नाही. मंग घ्यायचं कामून?" तिला पाळी थांबू शकते हे इंजेक्शन देण्याआधी शांतपणे, तिच्या बोलीत सांगितलं असतं, तर कदाचित ती निवांत झोपली असती.

तारखेचा प्रश्न वेगळाच. या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा शहराकडे बांधकामावर निघतात. तीन महिन्यांनी सुई घ्यायची तेव्हा बाई कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या फडात असेल, हे तिलाही ठाऊक नसतं. तिथली आशाताई तिला ओळखत नाही, हातातलं कार्ड मागे पेटीत राहिलेलं असतं. सुई चुकते आणि नोंदवहीत तिच्या नावापुढे 'बंद केले' असं येतं. तिने काहीच बंद केलेलं नसतं. ती पोटासाठी गाव सोडून गेलेली असते.

आणखी एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. तांबीच्या खात्यावर जमा होणारे किती आजार मुळात तांबीच्या आधीचे असतात? आमच्याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी कधीतरी तपासून घेतलेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. गर्भनिरोधक वापरणाऱ्यांमध्ये आजार अधिक दिसले, पण एकूण आजारांचा अगदी थोडाच वाटा त्यातून उलगडत होता. म्हणजे पांढरं जाणं, कंबर धरणं, ओटीपोटाची आग, हे सोसत सोसतच बाई तांबी बसवायला येते. आत जंतुसंसर्ग आहे का, हे न पाहता तांबी बसवली, तर दुखणं वाढतं आणि दोष तांबीवर जातो. पुढे गावातल्या पंचवीस बाया त्या दोषाची आठवण ठेवतात.

या सगळ्यात पुरुष कुठे आहे? आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातल्या बहुसंख्य पुरुषांवरच्या होत्या. त्या जबरदस्तीनंतर सरकारने पुरुषांकडून पाय मागे घेतला आणि सगळा भार स्त्रीच्या शरीरावर टाकला. आज महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुष नसबंदी शंभरात एकही भरत नाही, जरी ती सोपी, बिनटाक्याची आणि कमी धोक्याची असली तरी. देशभरात तांबीवर असलेल्या स्त्रिया शंभरात दोनच्या आसपास. आमच्याकडचा रस्ता ठरलेला असतो: लवकर लग्न, लागोपाठ दोन लेकरं, पंचविशीच्या आतबाहेर ऑपरेशन. पाळणा लांबवायचा, श्वास घ्यायचा, असा मधला काळ बहुतेकींच्या वाट्याला येतच नाही. तांबी आणि इंजेक्शन खरं तर त्याच मधल्या काळासाठी आहेत.

आणि साधनांवरच्या या अविश्वासाला इतिहास आहे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडणाऱ्या र. धों. कर्व्यांनी ज्या तळमळीने हा विषय मांडला, ती तळमळ बाईच्या सुटकेची होती. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, कोर्टकचेऱ्या आणि दंड सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे सरकारने काम हाती घेतलं तेव्हा सुटकेपेक्षा आकडा मोठा झाला. १९६५ साली तांबीसारखीच गर्भाशयात बसवायची लूप आली, शिबिरं भरली, उद्दिष्टं ठरली. बसवल्यानंतर रक्त गेलं तर जायचं कुठे, याची सोय मात्र मागे राहिली, आणि थोड्याच वर्षांत लूपचं नाव बदनाम झालं. १९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायांना जमवलं गेलं. हा प्रयोग आहे, याची पुरेशी कल्पना त्यांना नव्हती. महिला संघटनांनी ते उघड केलं आणि १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. १९९४ च्या कैरोतल्या लोकसंख्या परिषदेनंतर, १९९६ साली, सरकारने उद्दिष्टांची पद्धत मागे घेतली. कागदावरून उद्दिष्ट गेलं, पण कामाच्या सवयीतून पुरतं गेलं नाही. अजूनही बाळंतपणानंतर तांबी बसवण्यासाठी सोबत नेणाऱ्या आशाताईला मोबदला मिळतो. बाईला त्रास झाला म्हणून ती काढायला सोबत जाणाऱ्या आशाताईच्या वेळेला कुठे किंमत आहे?

माझ्या नात्यातल्या एका सुनेला बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवली गेली. तिने मान हलवली होती, पण कळांच्या गर्दीत हलवलेल्या मानेला होकार म्हणायला माझं मन धजत नाही. पुढे ती काढायला गेली तेव्हा तिला समजावून परत पाठवलं. राहू द्या अजून थोडे दिवस, सवय होईल. पुन्हा गेली, तर डॉक्टर नव्हते. शेवटी पैसे भरून दुसरीकडे काढली. घरी आल्यावर ती सासूला एवढंच बोलली, "माही मला काढून देईनात." तांबीचा त्रास तिने सोसला असता, अडकून पडल्याची भावना तिला सोसवली नाही. त्यानंतर तिच्या दोन्ही जावांनी तांबीचं नाव काढलं नाही.

या सुनेच्या अनुभवाशेजारी मी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातला एक प्रकल्प ठेवून पाहते. तिथे २००७ ते २०११ या काळात ९,२५६ स्त्रियांना सगळी गर्भनिरोधकं मोफत दिली गेली, प्रत्येकाची नीट माहिती दिली आणि हवं तेव्हा साधन बदलायची, सोडायची मोकळीक ठेवली. जवळपास तीन चतुर्थांश स्त्रियांनी तांबीसारखी किंवा दंडात बसवायच्या कांडीसारखी दीर्घकाळ टिकणारी साधनं निवडली. वर्षानंतरही त्यांच्यातल्या ८६ टक्के स्त्रियांनी ती चालू ठेवली होती. गोळ्या, इंजेक्शन वगैरे घेणाऱ्यांत हे प्रमाण ५५ टक्के होतं. तिथली परिस्थिती आणि ढाणकीची परिस्थिती यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे, हे मला ठाऊक आहे. पण बाईचं मन दोन्हीकडे सारखंच चालतं असं मला वाटतं. जे केव्हाही सोडता येतं, ते ती धरून ठेवते. दार आतून उघडतं हे माहीत असलं, की माणूस घरात निवांत बसतो.

आता दंडातली कांडीही देशातल्या निवडक जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यांतून येऊ लागली आहे. ती तर बाईला स्वतःला काढताच येत नाही; चीर देऊन काढावी लागते. म्हणूनच ती बसवायला जितके हात शिकवले जातील, तितकेच काढायलाही शिकवले गेले पाहिजेत, आणि तेही आधी. तांबी काढायला तर शिकलेल्या सिस्टरला काही मिनिटं पुरतात. काढली की लगेच दिवस राहू शकतात. अंतराची शेवटची सुई घेतल्यावर मात्र साधारण सात ते दहा महिने लागतात. लेकरू हवं असलेल्या बाईला हा फरक आधीच सांगितला, तर पुढे वांझपणाच्या भीतीने रडायची वेळ तिच्यावर येत नाही.

बाई काढायला आली तर कारण जरूर विचारावं. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या द्याव्यात, तपासावं, दुसरं साधन सुचवावं. पण हे सगळं ऐकून ती 'काढा' म्हणाली, की त्याच दिवशी, त्याच खाटेवर काढावी. लेकरू हवं म्हणून, त्रास झाला म्हणून, नवरा परगावी गेला म्हणून, किंवा नुसतं नको वाटतं म्हणून. चौथ्या कारणाला पहिल्याइतकाच मान हवा. आणि दवाखान्याच्या अहवालात बसवलेल्या तांब्यांच्या शेजारी, मागितल्या दिवशी काढून दिलेल्या तांब्यांचाही रकाना असावा, आणि तो चांगल्या कामाचा रकाना म्हणून वाचला जावा.

तसं झालं, तर ढाणकीच्या गल्लीत फिरणारी गोष्ट बदलेल. 'तिला त्रास झाला' एवढ्यावर ती थांबणार नाही. 'तिला त्रास झाला, ती गेली, त्यांनी ऐकून घेतलं आणि काढून दिली', इथपर्यंत ती जाईल. ही गोष्ट ऐकलेली सून तांबी बसवून पाहायला घाबरणार नाही, आणि बसवली तर ती ठेवायची की काढायची, हे तिचं तीच ठरवेल. कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वी बाईसाठी मागितलं होतं ते याहून फार वेगळं नव्हतं.