सुट्या भागांची रायफल

ब्रिटिश एल१ए१ रायफलच्या सुट्या भागांचा संच घ्यायचा की नाही, हे आज ठरवायलाच हवं. इथे टेक्ससमध्ये तो सहज मिळतो. बेल्जियमच्या एफएएलच्या घराण्यातली ही रायफल. आपल्याकडे इशापूरच्या कारखान्यात तिचीच बहीण, १ए१, तयार होई. फौजेत तिला सगळे एसएलआर म्हणत. बाबांनी मराठा लाइट इन्फंट्रीत तीच वागवली. म्हणून तर एवढी ओढ.

पण संचातला रिसीव्हर कापलेला असतो. अमेरिकी कायद्याच्या लेखी रिसीव्हर म्हणजेच बंदूक. बाकीचे नुसते भाग. २००५ पासून अशा संचांसोबत नळीही आयात होत नाही. शिवाय जोडलेल्या रायफलीत, कायद्याने मोजलेल्या वीस भागांपैकी दहापेक्षा जास्त परदेशी चालत नाहीत. म्हणजे रिसीव्हर नवा, नळी नवी, आणखी काही भाग नवे. मग बाबांच्या हातातल्या रायफलीचं त्यात उरतं काय? लाकडी दस्ता आणि थोडं लोखंड. त्यात बोल्ट आणि नळीचा मेळ अचूक बसला नाही तर काडतूस फुटून जिवावर बेततं. ते काम जाणत्या गनस्मिथचंच.

आणि ती भारतात नेऊन बाबांना दाखवताही येणार नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात सुटे भागसुद्धा शस्त्रच धरले जातात.

संच घेत नाही. त्या पैशांत दिवाळीचं तिकीट काढतो आणि बाबांना बेळगावला, त्यांच्या रेजिमेंटच्या सेंटरवर घेऊन जातो.