पट्टा रिकामा झाल्यानंतर

२०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपटाईड आणि जूनमध्ये वजन कमी करण्यासाठीचे सेमाग्लुटाईड भारतीय बाजारात आले. तेव्हापासून लठ्ठपणा हा आपल्या विज्ञानवार्तांमधील नित्याचा विषय झाला आहे. या बातम्यांवरील चर्चेत एक प्रश्न वारंवार येतो: 'इंजेक्शन थांबवले की वजन परत येते, मग उपयोग काय?' या प्रश्नाकडे मी जरा निराळ्या जागेवरून पाहते. माझ्या जठराभोवती गेली बारा वर्षे सिलिकॉनचा एक पट्टा आहे आणि गेले चार महिने तो पूर्ण रिकामा आहे.

मी मूळची साताऱ्याची. भौतिकशास्त्रात पीएच.डी. करून आता कोलकात्यात संशोधन करते. माझे काम मृदू पदार्थांच्या प्रवाहावर आहे: फेस, लगदा, दाट द्रावणे अरुंद जागेतून कशी वाहतात, याचा अभ्यास. शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. उंची १६० सेंटिमीटर, वजन ९६ किलो, म्हणजे बीएमआय ३७.५. रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती आणि घरात दोन पिढ्यांचा मधुमेह होता.

या पट्ट्याची रचना साधी आहे. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचे कडे बसवतात. त्याच्या आतल्या बाजूस फुगा असतो आणि तो एका बारीक नळीने पोटाच्या त्वचेखालच्या छोट्या कुपीला जोडलेला असतो. त्वचेतून त्या कुपीत सुई घालून काही मिलीलिटर खारे पाणी भरले की कडे आवळते, काढले की सैल होते. जठर कापावे लागत नाही आणि आतड्याची वाट बदलत नाही. असा कमी-जास्त करता येणारा पट्टा अमेरिकेत लुबोमिर कुझमाक यांनी १९८६ मध्ये वापरला. १९९३ मध्ये बेल्जियममध्ये मितिकु बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने बसवला आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. २००८ मध्ये जगातील लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे ४२ टक्के पट्ट्याच्या होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवर आले आणि पुढे जठराचा मोठा भाग काढून नळीसारखा भाग ठेवणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया सर्वत्र रूढ झाली. माझा पट्टा त्या उतरत्या काळातला आहे.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उपकरण पाहताच प्वाझचा नियम आठवतो: नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या १० टक्क्यांनी घटली की प्रवाह ३४ टक्क्यांनी घटतो. सुईच्या एका टोचणीने जेवणात इतका फरक का पडतो, याचे हे सोपे उत्तर वाटते. परंतु शरीर या उत्तरावर थांबत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी पट्टा बसवलेल्या रुग्णांच्या अन्ननलिकेतील दाब मोजले, तेव्हा असे दिसले की नीट बसवलेल्या पट्ट्यातून नीट चावलेला घास एक-दोन मिनिटांत पार होतो. अन्न वर साठून राहत नाही. अन्ननलिका तो घास काही आकुंचनांनी पुढे ढकलते आणि या ढकलण्यात जठराच्या वरच्या भागातील चेतातंतू ताणले जातात. तो ताण व्हेगस चेतेमार्फत मेंदूला तृप्तीचा संदेश देतो. पट्टा म्हणजे अन्न अडवणारी झडप नव्हे. घास जाताना भुकेला थोडा आवर घालणारे ते एक साधन आहे. तो फार आवळला तर तो खरोखर झडप होतो, आणि अडचणी तिथेच सुरू होतात.

पट्ट्यासह जगणे म्हणजे घासांचे वेळापत्रक. लहान घास, मनापासून चावणे, दोन घासांमध्ये मिनिटभर थांबणे, जेवताना पाणी न पिणे. ताजा पाव आणि तंतुमय मांस मला कधीच मानवले नाही. भाकरी आमटीत कुस्करून मात्र आजही चालते. कोलकात्यात ही शिस्त पाळणे हा सामाजिक प्रश्न आहे. येथे 'आर एकटा नाओ' असे म्हणून ताटात आणखी एक संदेश ठेवणे हा जिव्हाळा असतो. आमच्या शेजारच्या काकीमांना मी पहिल्याच वर्षी सारे समजावून सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, 'तर मग अर्धा घे.' गेली सहा वर्षे आमचा व्यवहार अर्ध्या संदेशवर चालला आहे. साताऱ्याहून आई फोनवर अजून विचारते, 'अगं, पोटभर जेवलीस का?' पोटभर या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ बदलला आहे, हे तिला माहीत आहे; तरी विचारायचे ती सोडत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या दोन वर्षांत माझे वजन ७१ किलोवर आले आणि तिथे दीर्घकाळ स्थिरावले. बीएमआय सुमारे २८. 'म्हणजे अजून जास्तच,' असे कोणी म्हणेल, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत ते गांभीर्याने घ्यावे लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. समान बीएमआयला भारतीय शरीर अधिक चरबी बाळगते, म्हणून भारतात लठ्ठपणाची रेषा ३० ऐवजी २५ वर आखली जाते. वजनकाट्याइतकेच माझे लक्ष कंबरेच्या फितीवर आणि रक्तशर्करेवर असते. ती शर्करा बारा वर्षे मर्यादेत राहिली, हा माझ्या दृष्टीने या शस्त्रक्रियेचा खरा लाभ.

विद्यार्थी मला हमखास विचारतात: ही चरबी जाते कुठे? ऑस्ट्रेलियाचे रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी २०१४ मध्ये त्याचा हिशेब मांडला. १० किलो चरबीचे पूर्ण ज्वलन झाले तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि १.६ किलो पाणी होते. त्यासाठी २९ किलो प्राणवायू लागतो. म्हणजे मी जे वजन गमावले, त्यातील बराचसा भाग मी शब्दशः उच्छ्वासात सोडला.

मग व्यायाम वाढवला की चरबी भरभर जाईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. येथे आकडेमोड करावी. ७५ किलोचे शरीर एक मजला, म्हणजे तीन मीटर, वर नेण्याचे कार्य सुमारे २,२०० ज्यूल, अर्थात अर्ध्या किलोकॅलरीहून थोडे अधिक. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरली तरी खर्च होतो दोन-अडीच किलोकॅलरी. एक किलो मेदऊतीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. जिन्याने वजन उतरवायचे तर तीन हजारांवर मजले चढावे लागतील.

तरीही व्यायाम माझ्या दिनक्रमातील सर्वांत आग्रहाचा भाग आहे, आणि त्याचे कारण दुसऱ्या एका अभ्यासात आहे. मॅक्गिल विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच.डी. करून चयापचयाच्या संशोधनाकडे वळलेले केविन हॉल यांनी वजन घटवण्याच्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनी अभ्यास केला. त्यांचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमी राहिला होता. त्यांच्यापैकी ज्यांनी घटलेले वजन टिकवले होते, त्यांची शारीरिक हालचाल स्पर्धेपूर्वीच्या तुलनेत १६० टक्क्यांनी वाढलेली होती. ज्यांचे वजन परत आले त्यांची ३४ टक्क्यांनी. व्यायाम वजन उतरवण्यात दुबळा आहे, पण उतरलेले वजन टिकवण्यात त्याचा वाटा मोठा दिसतो. शिवाय कमी खाण्याने चरबीबरोबर स्नायूही झिजतात, त्यांना थांबवायचे तर वजने उचलावी लागतात.

कोलकाता या बाबतीत प्रेरक शहर आहे. १९५२ मध्ये 'मिस्टर युनिव्हर्स'चा किताब मिळवणारे मनोहर आइच याच शहरातले. उंची पाच फुटांहून कमी, आणि २०१६ मध्ये निधन झाले तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडलेली होती. माझी मजल बेताची आहे: आठवड्यातून तीन दिवस बैठका, दंड आणि डंबेल्स, उरलेल्या दिवशी पहाटे रवींद्र सरोवराच्या काठाने पाऊण तास चालणे. पट्टेवाल्यांना येथे एक विशेष अडचण येते. घामाचे बाष्पीभवन झाले तरच शरीर थंड होते. दर लिटरमागे सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर जाते. जूनच्या कोलकात्यात हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. घाम गळून पडतो, सुकत नाही, उष्णता आतच राहते. इतरजण तेव्हा घटाघटा पाणी पितात. मला तसे पिता येत नाही. म्हणून मी व्यायामापूर्वी तासभर घोट घोट पाणी पीत राहते आणि उन्हाळ्यात सहा वाजण्याच्या आत घरी परतते.

या वर्षाच्या आरंभी रात्री आडवे पडल्यावर खोकला येऊ लागला. उशीवर आंबट पाणी यायचे. बेरियम तपासणीत पडद्यावर दिसले की पट्ट्याच्या वरची अन्ननलिका रुंदावली आहे. दीर्घकाळ अवरोधाविरुद्ध काम करणारी नळी फुगत जाते, हे मी इतरांना शिकवते. स्वतःच्या छातीत ते पाहणे वेगळे होते. एप्रिलमध्ये पट्ट्यातले सारे पाणी काढले. पंधरा दिवसांत खोकला थांबला. त्याच पंधरा दिवसांत भूक परतली.

ही भूक कशी असते, ते लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तिला लोक सहसा 'सुटलेला ताबा' म्हणतात. माझे वेळापत्रक तेच होते, व्यायाम तोच होता, स्वयंपाकघरही तेच. पण जेवून उठल्यावर तासाभरात मन पुन्हा अन्नाकडे वळू लागले. चार महिन्यांत वजन पाच किलोंनी वाढून ७६ झाले. हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या ओढीचे माप काढले: घटलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढते, तर ऊर्जाव्यय केवळ २० ते ३० किलोकॅलरींनी घटतो. मी याला स्प्रिंगचा स्थिरांक म्हणते. त्या अभ्यासातील वजनघट थोड्या किलोंची होती आणि हूकचा नियम लहान विस्थापनापुरताच लागू असतो, म्हणून २५ किलोंना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण बलाची दिशा स्पष्ट आहे. स्प्रिंग ओढून धरणारा हात काढला की ती मागे जाते. सेमाग्लुटाईड थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आल्याचे चाचणीत दिसले, तेही याच कारणाने. रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर दाब वाढला, तर आपण गोळीला निरुपयोगी म्हणत नाही आणि रुग्णाला आळशीही म्हणत नाही.

आता निर्णय घ्यायचा आहे. पट्टा काढावाच लागेल, यावर माझे डॉक्टर आणि मी एकमताचे आहोत. त्यानंतर दुसरी शस्त्रक्रिया करायची की इंजेक्शने घ्यायची, हे ठरायचे आहे. स्वीडनच्या दीर्घकालीन अभ्यासात दहा वर्षांनंतरची सरासरी वजनघट पट्ट्याने १४ टक्के आणि बायपासने २५ टक्के होती. पण बायपासनंतर लोह, बी-१२, कॅल्शियम यांची आयुष्यभर काळजी घ्यावी लागते. स्लीव्हमध्ये आम्ल उलटण्याचा त्रास वाढू शकतो, आणि माझी अन्ननलिका आधीच दमलेली आहे. इंजेक्शनांचा खर्च दरमहा आहे आणि तो किती वर्षे, याला मर्यादा नाही. पूजेच्या सुट्टीनंतर पट्टा निघेल. अन्ननलिकेला काही महिने विसावा देऊन पुन्हा दाब मोजायचे आणि मग पुढचे पाऊल टाकायचे, असे आम्ही ठरवले आहे. तोपर्यंत प्रथिने दिवसाला ७० ग्रॅम, आठवड्याला तीनदा वजने आणि दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी.

विद्यार्थी वाचकांसाठी एक गणित सुचवते. '७,७०० किलोकॅलरी म्हणजे एक किलो' हा नियम घेऊन, दररोज १०० किलोकॅलरी कमी खाणाऱ्या माणसाचे वजन दहा वर्षांत किती घटेल, ते काढा. उत्तर ४७ किलो येईल. आता हॉल यांचे २०११ चे प्रारूप घ्या: दिवसाला २४ किलोकॅलरींचा बदल म्हणजे अखेरीस एक किलो, त्यातील निम्मा पहिल्या वर्षात. उत्तर चार किलोंच्या आसपास येऊन थांबेल. पहिल्या उत्तरात शरीर ही निष्क्रिय टाकी आहे, दुसऱ्यात ते प्रतिसाद देणारी व्यवस्था आहे. तुमच्या घरात, वसतिगृहात, प्रयोगशाळेत वजनाशी झगडणारे कोणी असेल, तर त्यांच्याशी बोलण्यापूर्वी ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहून पाहा.